‘रिसेप्टर’ला मराठीत काय म्हणावं? ग्राही, ग्राहक की आणखी काही?

भाचा, मिरज
मावशीच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट परवा हातात आला. ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह.’ (तिन्ही रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोनसारखा निरोप पकडणारी पेशीतली प्रथिनं. पीआर प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचा, हर-टू पेशीच्या वाढीशी जोडलेला.) मावशी तासगावकडची. कोरोनापासून ‘पॉझिटिव्ह’ ऐकलं की तिच्या पोटात गोळा येतो. डॉक्टर म्हणाले, उलट बरंय, गोळ्या लागू पडतील. तरी घरी आल्यावर तिनं मलाच धरलं, “ईआर म्हंजे काय रं? मराठीत सांग.” म्हटलं, इस्ट्रोजेन रिसेप्टर. “आन् हे मराठी व्हय?”
शोधल्यावर ‘ग्राही’, ‘ग्राहक’ आणि ‘संवेदक’ असे तीन शब्द मिळाले. कुठला धरू?

निवृत्त मास्तर, वाई
‘ग्राहक’ आधी बाद करा. त्याचंच झिजून गिऱ्हाईक झालंय. मावशी विचारतील, माझ्या गाठीत गिऱ्हाइकं कुठून आली? ‘संवेदक’ सेन्सरनं पळवला. राहतो ‘ग्राही’. धातू ग्रह्, म्हणजे घेणं, धरणं. गुणग्राही, मर्मग्राही यांतला तोच.
जोडीचा, म्हणजे हॉर्मोनसाठीचा शब्द ‘संप्रेरक’ मात्र छान जमलाय. स्टार्लिंगनं 1905 मध्ये ‘हॉर्मोन’ शब्द वापरात आणला तो ‘चेतवणे, चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. प्रेरणा देणारा तो प्रेरक. आमच्या वाईत घडलेल्या विश्वकोशात मात्र ‘हॉर्मोन’च दिसेल, कंसात ‘उत्तेजक स्राव’.

वैद्य, कराड
मास्तर, ‘ग्राही’ आमच्याकडे आधीच कामाला लागलाय. आयुर्वेदात ग्राही म्हणजे पाणी शोषून मळ बांधणारं द्रव्य. सुंठ, जिरं वगैरे. ‘तुमच्या गाठीत ग्राही सापडला’ असं मी म्हटलं, तर रुग्णाला जुलाबावरचं औषध आठवेल.

स्लाइडवाली, सांगली
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रोज या स्लाइडी बघते. माझी अडचण वेगळी आहे. भाच्यानं लिहिलेल्या एकाच ओळीत ‘रिसेप्टर’ दोन जातींचे आहेत. रिसेप्टर जिथे असतो तिथे आम्ही दिलेला तपकिरी रंग चढतो. हर-टू पॉझिटिव्ह असला की तो पेशीच्या कडेनं चढतो, कुंपणाच्या जाळीसारखा. ईआर पॉझिटिव्ह असला की कडा कोरी राहते आणि मधलं केंद्रक तपकिरी होतं. (शंभरातल्या एका केंद्रकाला रंग आला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणून टक्का बघायचा.) म्हणजे पहिला दारात उभा, दुसरा थेट देवघरात.
कारण सोपं आहे. स्टेरॉइड संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासून होतात, स्निग्ध असतात, त्यामुळे पेशीच्या पटलातून आरपार जातात. त्यांना दाराशी कुणी उभं राहायची गरजच नसते. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा रिसेप्टर पेशीद्रव्यात हीट शॉक प्रथिनांच्या (इतर प्रथिनांना सांभाळणाऱ्या प्रथिनांच्या) संगतीत बसून असतो, कॉर्टिसॉल चिकटलं की केंद्रकात शिरतो. इस्ट्रोजेनचा बहुतेक वेळ केंद्रकातच असतो.
आणि तो नुसतं ‘ग्रहण’ करून थांबत नाही. एका टोकाला संप्रेरकासाठी खोल खिसा असतो. आत संप्रेरक बसलं की प्रथिनाच्या साखळीचं शेवटचं, बारावं वेटोळं झाकणासारखं खिशावर पडतं. त्यानं बाहेरच्या अंगाला नवी खाच तयार होते, तिथे मदतनीस प्रथिनं येऊन चिकटतात. कुलूप-किल्लीचा दाखला इथे लंगडा पडतो. किल्ली फिरवल्यावर कुलूपच उठून कामाला लागलेलं कुणी पाहिलंय? मधे बिजागरी. तिच्या पलीकडे डीएनए धरणारा भाग, त्यात जस्ताची दोन ‘बोटं’. प्रत्येक बोटात जस्ताचा एक आयन चार सिस्टीननी (प्रथिनाच्या साखळीतल्या एका प्रकारच्या कड्यांनी) धरलेला. पहिलं बोट डीएनएची अक्षरं चाचपतं, दुसरं जोडीदाराचा हात धरायला, कारण हे दोघं-दोघं मिळून बसतात. तिथून जनुक चालू होतं किंवा बंद. हे सगळं ‘ग्राही’ या शब्दात कुठे आलं?

निवृत्त मास्तर, वाई
ताई, जोडीनं बसतात म्हणजे डीएनएवरची जागाही जोडाक्षरी असणार?

स्लाइडवाली, सांगली
हो मास्तर. सहा अक्षरं, मधे तीन मोकळी, पुन्हा सहा. समोरच्या धाग्यावर उलट दिशेनं वाचलं तरी तीच.

निवृत्त मास्तर, वाई
म्हणजे ‘चिमा काय कामाची’! सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहायचो. निसर्गालाही विलोमपद सुचलेलं पाहून आजचा दिवस सत्कारणी लागला.

दस्तलेखक, सातारा
जीवशास्त्र मला कळत नाही, पण ताईंचं वर्णन वाचून आमच्या टेबलावरचा शब्द आठवला. मुखत्यार. मालक स्वतः कचेरीत येत नाही, अधिकार देतो. पुढे कचेरीत जाणं, दप्तर उघडून घेणं, नोंद फिरवणं हे सगळं मुखत्यार करतो. मुखत्यारपत्र नसेल तर तोच माणूस बाहेर बाकड्यावर चहा पीत बसलेला असतो.

स्लाइडवाली, सांगली
भाऊ, अगदी हेच. बाकड्यावरची संगत म्हणजे हीट शॉक प्रथिनं.

वैद्य, कराड
समजवायला झकास. यात भर घालतो. ज्येष्ठमध फार खाल्लं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. अल्डोस्टेरॉन या शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणाऱ्या संप्रेरकाचा मुखत्यार कॉर्टिसॉलकडूनही पत्र घेतो. मूत्रपिंडात एक एन्झाइम कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून त्याला दूर ठेवतं. ज्येष्ठमध त्या पहारेकऱ्यालाच झोपवतं.

निवृत्त मास्तर, वाई
दाखला मान्य, संज्ञा अमान्य. इन्शुलिनचा रिसेप्टर दारातच राहतो, त्याला मुखत्यार कसं म्हणणार? जातीचं नाव ‘ग्राही’ राहू द्या. वैद्यबुवांचा ‘ग्राही’ द्रव्याचं विशेषण, हा प्रथिनाचा, संदर्भानं उलगडेल. स्टेरॉइडचा असेल तर ‘केंद्रकी ग्राही’ म्हणा. आणि ‘ते ग्राही’, नपुंसकलिंगी, कारण ते प्रथिन.

स्लाइडवाली, सांगली
लॅबमध्ये सगळे ‘तो रिसेप्टर’च म्हणतात मास्तर. मी ‘तो ग्राही’ लिहिणार.

भाचा, मिरज
कागदावर ‘इस्ट्रोजेन-ग्राही’ लिहिलं. मावशीला मात्र मुखत्यारच सांगितला. गाठीतल्या पेशींत इस्ट्रोजेनचा मुखत्यार बसलाय. टॅमॉक्सिफेनची गोळी त्याच्याच खिशात जाऊन बसते, पण तिचा एक दांडा बाहेर राहतो, झाकण नीट पडत नाही, मदतनीस येत नाहीत, काम अडतं.
ती म्हणाली, “किती दिस अडवायचं?”
म्हटलं, डॉक्टर पाच वर्षं म्हणालेत.
“मग आपल्या बांधाच्या दाव्यापरीस लवकरच की.”