मदत हवी आहे: पणजोबांच्या बिल्ल्यावर ‘११० मराठा’, फलकावर पलटणीचं नाव काय लिहायचं?

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातला, कोरेगाव तालुक्यातला. आमच्या वेशीजवळ पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. या गावातून किती माणसं लढाईला गेली आणि त्यातली किती कामी आली, एवढंच त्यावर कोरलंय. नावं नाहीत. अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना ठाऊक आहे, तिथली ४६ माणसं त्या युद्धात गेली. पण असे मुके दगड आपल्याकडे बऱ्याच गावांत उभे आहेत आणि त्यांच्यामागची नावं आता म्हाताऱ्या माणसांबरोबर चालली आहेत. म्हणून यात्रेआधी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये नाव, पलटण आणि लढाई असा फलक लावायचं ठरलंय. घरोघर जाऊन बिल्ले आणि कागद बघायचं काम माझ्याकडे आहे.

घोडं अडलंय आमच्याच घरच्या नावावर. पणजोबांचे दोन बिल्ले आहेत. एक चांदीचा: एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४ व १९१८ ही सालं. दुसरा पितळेसारखा दिसणारा, त्यावर पंख असलेली बाई. दोन्हींच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलीत. भिंग लावून वाचलं तर नंबर, सिपॉय, पणजोबांचं नाव आणि शेवटी ११० मराठा.

आता आमची आजी कायम म्हणायची, “मामंजी पाचव्या मराठ्यात होते.” भरतीची तयारी करणारी गावातली पोरं मोबाईलवर शोधून सांगतात की ११० मराठा म्हणजे आत्ताची २ पॅरा, तर फलकावर ‘पॅरा कमांडो’ लिहा. एक निवृत्त हवालदार म्हणतात, ‘३ मराठा’ लिहा. पेंटर थांबलाय. यातलं खरं कोणतं?

शिवाय घरात सांगतात की पणजोबा इराकमधल्या कूटच्या वेढ्यात होते. ते फलकावर लिहिण्याइतकं पक्कं कसं करायचं?

पेंटरने मधोमध जे चित्र काढलंय त्यातल्या १९१५च्या शिपायाच्या हातात गोल मॅगझिनची टॉमी गन आहे. ती नको हे मी त्याला सांगितलंय, पण मग नेमकं काय काढायचं? आणि शेजारच्या घरातली एक संगीन मांडायची आहे, तिच्या पात्यावर मुकुट आणि १९०७ आहे. १९०७ सालची म्हणून चिठ्ठी लावली तर चालेल का?

जाणकारांनी जरूर सांगा. एकदा रंगवलं की पुढची पन्नास वर्षं पोरं तेच खरं धरणार.

माजी सुभेदार, कराड

रामराम. तुम्हाला सांगणारे सगळेच एका पलटणीबद्दल बोलतायत, फक्त वेगवेगळ्या काळातल्या. क्रमाने बघा.

जुन्या बॉम्बे आर्मीत ती १०वी पलटण होती. १९०३ ला सरसेनापती किचनरने सगळ्या फौजेला नवे नंबर दिले, तेव्हा बॉम्बेच्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले. ३ची १०३ झाली, ५ची १०५, १०ची ११०, १७ची ११७. पहिलं महायुद्ध या नंबरांवर लढलं गेलं. १९२२ ला पुन्हा फेररचना झाली आणि मराठ्यांच्या सहा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या. त्या अख्ख्या रेजिमेंटचा नंबर पाच: ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री. त्यात १०३ झाली पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ झाली दहावी, म्हणजे बेळगावची ट्रेनिंग बटालियन. तुमच्या आजीचं ‘पाचव्या मराठ्यात’ हे या रेजिमेंटच्या नंबरावरून आलं असणार. त्याला ५ मराठा बटालियन समजू नका, ती ११७ची.

जुने नंबर पलटणी विसरत नाहीत. आजची २ मराठा स्वतःला ‘काली पांचवी’ म्हणवते, कारण ती १०५ आणि त्याआधीची ५वी. १७६८ मध्ये उभी राहिलेली १ मराठा म्हणजे ‘जंगी पलटण’.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिसरी बटालियन छत्रीधारी झाली आणि पुढे तीच २ पॅरा. पोरांचं वंशावळीपुरतं बरोबर आहे. पण तुमचे पणजोबा विमानातून उडी मारणारे नव्हते, पायी चालणारे होते, आणि त्यात काही कमी नाही. माणूस ज्या नावाखाली लढला तेच नाव त्याच्यापुढे लिहायचं: ‘११० मराठा लाइट इन्फन्ट्री’. हवं तर खाली बारीक अक्षरांत ‘१९२२ नंतर ३/५ मराठा, आज २ पॅरा’. ३/५ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन.

चित्रात शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड काढायला सांगा, तीच आपली थ्री नॉट थ्री. ओळखायची खूण अशी की लाकूड थेट तोंडापर्यंत येतं आणि नळी बाहेर डोकावत नाही, तोंड बोथट दिसतं. मॅगझिन दहा गोळ्यांचं. डोक्याला पगडी, पायाला पट्ट्या. पलटणीमागे मशीनगन त्या वेळी दोनच असायच्या, त्यामुळे शिपायाचं सगळं काम रायफल आणि संगिनीवर. टॉमी गन बाजारात आली १९२१ ला.

टॉमी गन काढायचीच असेल तर याच पलटणीच्या दुसऱ्या माणसाच्या हातात काढा. नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा, १० जुलै १९४४, इटली. मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधले बाकी सगळे पडले. हा एकटा धावत गेला, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला टॉमी गनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्या लागून गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गाव रायगडातलं, पण पलटण तुमच्या पणजोबांची.

इतिहास शिक्षिका, विटा

सुभेदारसाहेबांनी नावाचा प्रश्न सोडवलाच आहे. मी कूट आणि संगिनीबद्दल सांगते.

दादा, घरात तिसरा बिल्ला आहे का? चार टोकांचा ब्रॉन्झचा तारा, मधे १९१४-१५ लिहिलेला, नाव मागच्या सपाट बाजूवर. १९१५ संपायच्या आत जो रणांगणावर पोचला त्याला तो मिळायचा. कूटला तुर्कांचा वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ ला आणि २९ एप्रिल १९१६ ला आत अडकलेल्या फौजेच्या जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली, सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. वेढा पडल्यावर आत नवीन कुमक जाऊच शकली नाही. म्हणजे आत असलेला प्रत्येक शिपाई ताऱ्याचा हक्कदार.

तुमच्याकडचे दोन बिल्ले, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल, १९१६ नंतर गेलेल्यांनाही मिळाले. नुसत्या ११० या नंबरावरून कूट सिद्ध होत नाही. तारा हरवलाही असेल, तेव्हा नव्हतेच असंही म्हणू नका. बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला कडेवरचा नंबर जसाच्या तसा लिहून पत्र टाका. नावांत घोळ होतात, नंबर चुकत नाही. जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलीच नव्हती, फक्त संख्या होती, म्हणून तुमचं काम मला फार मोलाचं वाटतं.

फलकाशेजारी जागा असेल तर कूटची एक गोष्ट जरूर लिहा. आत जव होते पण दळायला जाती पुरत नव्हती, तेव्हा विमानातून जात्याची दगडं खाली टाकली होती. मुलांच्या हे कायम लक्षात राहतं.

संगिनीवरचं १९०७ हे घडणीचं साल नाही, तो नमुना ठरला त्याचं साल. मुकुटाजवळच महिना आणि सालाचे दोन आकडे ठोकलेले असतील, ते चिठ्ठीवर घ्या. कारखान्याचं नावही तिथेच, विल्किन्सन, सँडरसन वगैरे. आर. एफ. आय. असेल तर ती आपल्या ईशापूरच्या कारखान्याची. पातं १७ इंच भरतंय का बघा. दुसऱ्या महायुद्धात भारतात ती आखूड केली गेली, १२ इंच. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, अक्षरं जातील. आणि मांडण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

मूळ धागाकर्ता

सुभेदारसाहेब, मॅडम, मनापासून आभार. चुलत्यांच्या घरची ट्रंकही बघितली, तारा मिळाला नाही. संगिनीवर विल्किन्सन आणि ’१७ आहे, पातं सतरा इंच. बेळगावला पत्र आजच टाकतो. पेंटरला हा मजकूर देऊ का?

‘शिपाई, ११० मराठा लाइट इन्फन्ट्री. पहिले महायुद्ध, १९१४–१९१८.’

माजी सुभेदार, कराड

द्या. लढाईच्या रकान्यात जागा मोकळी ठेवा, बेळगावचं उत्तर आलं की भरा. आणि त्यांचा नंबरही नावाआधी घाला, शिपायाची ओळख तिथून सुरू होते.