वैद्यकीय प्रवेशाची तयारी करताना मानसशास्त्र घ्यावे का?

प्रश्न
मी अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला असून पुढे वैद्यकीय शिक्षण घेण्याचा माझा विचार आहे. मुख्य विषय म्हणून मानसशास्त्र घ्यावे असे मनापासून वाटते, परंतु जीवशास्त्र सोडणे म्हणजे आपणहून वाट बिकट करून घेणे, असे घरच्यांचे मत आहे. एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आणि पुढील शिक्षणात मानसशास्त्राचा कितपत उपयोग होतो?

पहिले उत्तर
मुख्य विषय कोणता, यावर सहसा काही अडत नाही. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे आवश्यक अभ्यासक्रम प्रयोगशाळेसह पूर्ण केले आहेत का आणि त्यांत गुण कसे आहेत, हे मात्र बारकाईने पाहिले जाते. एमकॅटमध्ये २०१५ पासून मानसशास्त्र व समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे: ९५ मिनिटांत ५९ प्रश्न. चारही विभागांना सारखेच महत्त्व असल्यामुळे त्यात मिळवलेला प्रत्येक गुण रसायनशास्त्रातल्या गुणाइतकाच मोलाचा ठरतो.

दुसरे उत्तर
वरील माहिती बरोबर असली तरी केवळ त्या विभागासाठी पदवीचा विषय ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातील प्रश्न प्रास्ताविक पातळीचे असतात, त्यामुळे मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा एकेका सत्राचा अभ्यासक्रम त्यासाठी पुरतो. खरा लाभ संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती यांचा आहे, कारण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, ही जाण औषधांच्या चाचण्यांवरील शोधनिबंध वाचताना पावलोपावली लागते.

तिसरे उत्तर
मी वैद्यकीय शिक्षण घेत आहे आणि पदवीला माझा विषय मानसशास्त्र होता. गोळ्या कशा घ्यायच्या हे समजावून सांगितल्यावर रुग्ण मान डोलावतो, म्हणून त्याला सारे कळले असे आपण धरून चालतो. पण 'आता घरी गेल्यावर कोणती गोळी केव्हा घ्याल, ते मला सांगा' असे म्हटले की सकाळ-संध्याकाळची अदलाबदल लगेच उघड होते. मनात पहिल्यांदा आलेल्या निदानालाच चिकटून राहण्याची प्रवृत्तीही मी आधी अभ्यासली होती, त्यामुळे ती स्वतःत ओळखता येते. जैवरसायनशास्त्रात मात्र मला बरीच अधिक मेहनत घ्यावी लागली, म्हणून तो अभ्यासक्रम पदवीच्या काळातच करावा. विषयाची ओढ असेल तर मानसशास्त्र अवश्य घ्यावे आणि विज्ञानाच्या अभ्यासक्रमांचे वेळापत्रक पहिल्याच वर्षी सल्लागारांसोबत बसून आखावे.