ऊलाँग : पहिला कप पाणचट, तिसरा कडू. चुकतंय कुठे?

कोरा_चहा
तैवानमधल्या अलीशान डोंगराचा, घट्ट गोळ्यांचा ऊलाँग (ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला प्रकार) आहे, पत्ती हलकी भाजलेली. १२० मिलीचं गायवान (चहा मुरवायचा झाकणवाला चिनी कप), ७ ग्रॅम पत्ती, पाणी ८५ अंश. त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी : पहिलं पाणी २० सेकंद, मग दर वेळी २० सेकंद वाढवतो. पहिला कप पाणचट, तिसरा कडू. फुलांचा वास म्हणतात तो कपात सापडतच नाही.

वाफाळ
८५ अंश हे ग्रीन टीचं माप झालं. एवढ्यावर गोळी नीट उलगडत नाही, आत कोरडीच राहते. तिसऱ्या पाण्यापर्यंत ती उघडते आणि नेमकी तेव्हाच तुम्ही तिला पूर्ण मिनिट देताय, म्हणून कडू.

पाणी उकळतं घ्या, ९५ च्या खाली नको. गायवान आधी गरम पाण्याने तापवा. पत्ती ५ सेकंद विसळून ते पाणी ओतून टाका आणि झाकण लावून मिनिटभर थांबा, आतल्या वाफेवर गोळ्या सैल होतात. मग पहिलं ४० सेकंद, दुसरं २५, तिसरं ३०, पुढे १०-१५ वाढवत जा. दर वेळी शेवटच्या थेंबापर्यंत ओतायचं. तळाशी राहिलेल्या चमचाभर पाण्यात पत्ती मुरत राहते आणि पुढचा कप बिघडतो.

पानवळण
वास कपात नाही, झाकणाला शोधा. ओतल्याबरोबर झाकणाची आतली बाजू हुंगा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. पहिल्यांदा फुलं, नंतर लोणी किंवा कोवळ्या भाज्यांकडे झुकणारं काहीतरी. रिकामा कप थंड झाल्यावर तळाशी मधासारखा गोडसर वास येतो, तो बरेच जण न हुंगताच कप धुऊन टाकतात!

चव घेताना चहा जरा निवू द्या, जीभ भाजली की संपलं. आवाज करत भुरका मारा, गिळून नाकाने श्वास सोडा. कडू आणि तुरट यांत गल्लत नको : कडू ही चव जिभेवर लागते, तुरटपणाने हिरड्या कोरड्या पडतात. चांगल्या ऊलाँगमध्ये कडूपणा थोड्या वेळात घशाशी गोड होतो. चिनी लोक त्याला ‘हुईगान’ म्हणतात.

तिसरं_पाणी
वरच्याशी सहमत, फक्त विसळलेलं पाणी फेकू नका, हलक्या भाजणीत तेही पिण्याजोगं असतं.

पत्तीच सदोष आहे का हे बघायचं तर ३ ग्रॅम, १५० मिली उकळतं पाणी, ६ मिनिटं. तैवानमधले परीक्षक असंच करतात. हा कप मजेसाठी नाही, यात दोष लपत नाहीत : कच्च्या गवताची चव म्हणजे ऑक्सिडेशन (पानावर होणारी हवेची प्रक्रिया) अपुरं, राखेची म्हणजे भाजणी जास्त, कुबट म्हणजे पत्तीने ओल धरली.

आणि फुलं सगळीकडे शोधू नका. चीनमधल्या वुयी डोंगरांतल्या खडकाळ जमिनीवरच्या, भाजलेल्या खडक-चहात ती क्वचितच पुढे येतात. ‘ओरिएंटल ब्यूटी’ या तैवानी ऊलाँगचा मधाळ वास तर तुडतुड्यांनी कोवळं पान शोषल्यामुळे येतो. तिला मात्र ८५-९० अंशच बरे, तिच्यात पानांच्या कोवळ्या कळ्या जास्त असतात.

कोरा_चहा
तळाशी पाणी राहतच होतं. शिवाय पत्ती फुलून झाकण उचललं जातं.

वाफाळ
मग ५ ग्रॅमच घ्या. उलगडलेल्या पानांना हलायला जागा हवी.