सवाई गंधर्व महोत्सव : आईसाठी आसनव्यवस्थेबाबत मदत हवी आहे

पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला यंदा डिसेंबरात आईला घेऊन जाण्याची माझी फार इच्छा आहे. महोत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे तेव्हा ती सतरंजीवर बसून पहाटेपर्यंत गाणे ऐकायची आणि मांडीवरच्या छोट्या वहीत प्रत्येक रागाचे नाव व बंदिशीचा मुखडा टिपून ठेवायची. ती वही आजही तिच्या उशाशी असते. आता गुडघ्यांमुळे तिला भारतीय बैठकीवर बसता येत नाही, आणि एका वेळी तीन तासांहून अधिक बसणेही जमत नाही.

महोत्सव आता जिथे होतो त्या मुकुंदनगरच्या मैदानावर अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे, की प्रवेशद्वारापासून खुर्च्यांच्या विभागापर्यंत किती चालावे लागते आणि तेथून कलाकार नीट दिसतात का. कोणत्या दिवशी कोण गाणार हे साधारण केव्हा जाहीर होते, आणि त्यानंतर एकाच दिवसाचे खुर्चीचे तिकीट मिळते का? तिला किराणा घराण्याचे, म्हणजे भीमसेनजींच्याच परंपरेचे, गायन ऐकायचे आहे. अनेक वर्षे त्याच घराण्याच्या गायिका प्रभाताई अत्रे यांच्या गायनाने होणारी महोत्सवाची सांगता तिने कधी चुकवली नव्हती.