मदत हवी आहे: कोलारच्या जुन्या सोन्याच्या खाणींजवळचं घर

केजीएफमध्ये (कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स) रॉबर्टसनपेटजवळ सासूबाईंसाठी जुनं बैठं घर बघतोय. तिथल्या खाणी ३ किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. २००१ मध्ये त्या बंद झाल्या, उपसा थांबला आणि आत पाणी भरलं. खाणीत खडक फुटले की हादरे वरच्या वस्तीलाही बसायचे, म्हणून धास्ती वाटते.

घराच्या एका भिंतीला तिरकी भेग आहे. इंजिनिअरच्या मते पाया ठीक, पण जमिनीखालचं तो सांगू शकत नाही. सर्च रिपोर्टमध्ये खाणीचा उल्लेख नाही. सोनं काढल्यावर उरलेल्या सायनाइडच्या गाळाच्या टेकड्याही जवळच आहेत. बोअरचं पाणी अजून तपासलेलं नाही. महिनाअखेरीस इसार द्यायचा आहे.

प्लॉटखाली उथळ बोगदे आहेत का, हे दाखवणारे जुने खाणनकाशे कुठे अर्ज केल्यावर बघायला मिळतात? आणि पाण्यात सायनाइडसोबत आर्सेनिकही तपासून घ्यावं का?