मतांच्या प्रमाणात जागा दिल्या तर सरकार आपल्या विचाराचं येईल का?

कपाशीवाला (दारव्हा): कापसाचा भाव आणि ओलिताला दिवसा लाईन, आमचं मागणं एवढंच. मी मत देतो तो पडतो. 2014 ला भाजपला 31 टक्के मतांवर लोकसभेत 282 जागा मिळाल्या. बाकीच्यांचं म्हणणं कुठं गेलं?

वऱ्हाडी मास्तर: भाऊ, प्रमाणशीर पद्धतीत, म्हणजे जितकी मतं तितक्या जागा, सभागृह लोकांच्या विचारांच्या जवळ येतं, हे नक्की. सरकारचं मात्र तसं नाही. ह्यूबर आणि पॉवेल या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना 1994 मध्ये अशा पद्धतीच्या देशांतली सरकारं विचारांनी मधोमध असलेल्या मतदाराच्या जास्त जवळ दिसली, तर गोल्डर आणि स्ट्रॅमस्की या दुसऱ्या अभ्यासकांना 2010 मध्ये तसा ठळक फरक सापडला नाही. आघाडी निकालानंतर जुळते ना! 1949 ला संविधान सभेत आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ही पद्धत मागितली होती. बाबासाहेबांनी निरक्षरता आणि अस्थिर सरकारची भीती दाखवून विरोध केला.

कपाशीवाला: निरक्षरतेचं कारण आता चालत नाही, मास्तर. आमच्या बचतगटातल्या बाया बँकेचा हिशेब तोंडपाठ सांगतात.

राळेगावची सून: पण या पद्धतीत पक्षाच्या यादीतून माणसं निवडून येतात; ती यादी मुंबईत ठरली तर बंद पडलेल्या डीपीसाठी फोन कोणाला लावायचा? न्यूझीलंडमध्ये 1996 पासून दोन मतं असतात, एक उमेदवाराला, एक पक्षाला. मला तसंच पाहिजे.