सांगली : ६० दिवस उलटले, बांधकाम परवानगी नाही

प्रश्न : सांगली-मिरज-कुपवाड हद्दीत मोठ्या गृहप्रकल्पाच्या फाइलवर ६० दिवसांत निर्णय आला नाही, तर परवानगी मिळाली असं धरून पाया खणता येतो का?

उत्तर १ : घाई नको. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम) १९६६, कलम ४५(५) प्रमाणे मानीव परवानगी, म्हणजे मुदतीत निर्णय न आल्याने मिळाली असं धरलेली परवानगी, मिळते. पण दिवस अर्जापासून किंवा त्रुटीपत्राला (फाइलमधल्या उणिवा कळवणारं महापालिकेचं पत्र) उत्तर दिल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून मोजतात. घोळ होतो तो इथेच. उत्तराच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्याच.

उत्तर २ : शिवाय नकाशा विकास योजनेत (शहराचा मंजूर जमीन-वापर आराखडा) आणि बांधकाम नियमावलीत बसलाच पाहिजे. साइड मार्जिन (इमारतीच्या बाजूला सोडायची मोकळी जागा) कमी पडली तरी बांधकाम अनधिकृत, मग कलम ५२ ते ५७ची कारवाई. कृष्णाकाठचा प्लॉट असेल तर आधी निळी पूररेषा (नदीकडच्या बाजूला सहसा बांधकामाला मनाई असते ती हद्द) बघा.

उत्तर ३ : लेखी नकार आला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील.